अमेरिकेतील मंडळीत नव्याने रुजू होणाऱ्या पाळकांसाठी: आयकर, गृहभत्ता आणि खर्चाची भरपाई

अमेरिकेतील एखाद्या मंडळीने पाळक म्हणून बोलावणे पाठवले, वेतनाचा आकडा ठरला आणि पहिला धनादेश हाती आला, की बहुतेकांना पहिला धक्का एकाच गोष्टीचा बसतो: धनादेशातून काहीही कापलेले नसते. शेजारच्या कार्यालयात काम करणाऱ्या सचिवांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाची सरकारी विमा योजना), मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि आयकर असे तिन्ही कापले जातात, पण पाळकांच्या हातात मात्र पूर्ण रक्कम येते. ही कृपा नव्हे. कर भरण्याची सगळी जबाबदारी त्या दिवसापासून पाळकांच्या स्वतःच्या शिरावर आलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

एका मंडळीच्या खजिनदारपदाचे काम मी काही वर्षे सांभाळले. पाळकांच्या करप्रकरणात रकमेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व कागदावरच्या तारखेला असते, हे मी त्या काळात शिकलो. तोच खर्च आणि तोच भत्ता ठराव आधी झाला असेल तर करमुक्त ठरतो आणि नंतर झाला असेल तर करपात्र ठरतो. म्हणून खालील पायऱ्या शक्यतो दिलेल्या क्रमानेच, आणि रुजू होण्यापूर्वीच, हाती घ्याव्यात.

पहिली पायरी: कराच्या दृष्टीने आपण पाळक आहोत का, हे ठरवा

मंडळीने 'पास्टर' ही पदवी दिली म्हणजे करकायद्याच्या दृष्टीनेही आपण पाळक झालो, असे होत नाही. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे केंद्रीय करखाते, आधी हे पाहते की व्यक्तीला तिच्या संप्रदायाने दीक्षा, परवाना किंवा नियुक्तीपत्र देऊन सेवेसाठी रीतसर अधिकृत केले आहे का. त्यानंतर ती व्यक्ती प्रत्यक्षात काय करते हे पाहिले जाते: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांसारखे विधी चालवते का, उपासना घेते का, मंडळीच्या कारभारात तिचा वाटा आहे का, आणि मंडळी तिला आपला आध्यात्मिक पुढारी मानते का.

तरुण संघाचे काम पाहणारे, संगीत विभाग सांभाळणारे किंवा व्यवस्थापक म्हणून नेमलेले पुष्कळ लोक इथेच अडकतात. अधिकृत दीक्षा नसेल तर ते साधे कर्मचारी ठरतात, त्यांच्या पगारातून नेहमीसारखी कपात होते आणि पुढे सांगितलेला गृहभत्ता त्यांना मिळत नाही. दीक्षापत्राची एक प्रत मंडळीच्या कार्यालयात आणि एक स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी. त्यावरची तारीख पुढे कामी येते.

दुसरी पायरी: दुहेरी ओळख समजून घ्या

आयकरापुरते पाळक हे बहुतेक प्रकरणांत मंडळीचे कर्मचारी असतात, त्यामुळे वर्षअखेरीस मंडळीने त्यांना डब्ल्यू-२ हे वेतनपत्रक द्यायचे असते. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांच्यापुरते मात्र तेच पाळक, त्याच कामासाठी, कायद्याने स्वयंरोजगारी मानले जातात. इतर कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा बोजा मालक आणि नोकर निम्मा निम्मा उचलतात. पाळकांना मात्र तो पूर्ण १५.३ टक्के दराने स्वतः भरावा लागतो. यालाच सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स म्हणतात. त्यातले १२.४ टक्के सोशल सिक्युरिटीचे आणि २.९ टक्के मेडिकेअरचे असतात.

एक उदाहरण घेऊ. पाळकांचा एकूण वार्षिक मोबदला ६०,००० डॉलर असून त्यापैकी २०,००० डॉलर गृहभत्ता म्हणून ठरवलेले आहेत आणि ते पूर्णपणे घरावरच खर्च झाले आहेत, असे समजा. आयकरासाठी धरायचे वेतन ४०,००० डॉलर होईल. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्ससाठी मात्र पूर्ण ६०,००० धरावे लागतील, कारण गृहभत्ता आयकरातून सुटतो, या करातून सुटत नाही. हा कर मिळकतीच्या ९२.३५ टक्के भागावरच मोजतात. ६०,००० चे ९२.३५ टक्के म्हणजे ५५,४१० डॉलर, आणि त्यावर १५.३ टक्क्यांनी सुमारे ८,४७८ डॉलर कर होतो. यातील निम्मी रक्कम आयकराच्या हिशेबात उत्पन्नातून वजा करता येते. तरीही साडेआठ हजारांच्या आसपासची ही रक्कम महिन्याकाठी बाजूला काढलेली नसेल, तर विवरणपत्र भरण्याचा एप्रिल महिना जड जातो.

मंडळी कधी कधी सद्भावनेने पाळकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापते आणि आपला निम्मा वाटाही भरते. दीक्षित पाळकांच्या बाबतीत ही सवलत नसून चूक आहे, आणि ती सुधारण्यासाठी मंडळीला तिमाही पत्रके आणि डब्ल्यू-२ पुन्हा भरावी लागतात. मंडळीला खरोखरच मदत करायची असेल तर ती तेवढी रक्कम वेतनात वाढवून देऊ शकते, पण ही वाढही करपात्र असते. याच्या उलट चूक करणाऱ्या मंडळ्याही आढळतात. त्या डब्ल्यू-२ ऐवजी कंत्राटदाराचे १०९९ पत्रक देतात. तसे होत असल्यास रुजू होतानाच खजिनदारांशी बोलावे.

आर-१ या धर्मसेवकांसाठीच्या व्हिसावर आलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विद्यार्थ्यांना मिळते तशी अमेरिकेतील वास्तव्याचे दिवस न मोजण्याची सवलत या व्हिसाला नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या सूत्राने मोजलेले वास्तव्य १८३ दिवसांवर गेले की माणूस करापुरता निवासी होतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षीच घडते. अनिवासी असेपर्यंत सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागत नाही, निवासी झाल्यावर लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीविषयी परस्पर करार नसल्याने, इथे भरलेली वर्षे तिकडच्या किंवा तिकडची वर्षे इथल्या खात्यात मोजली जात नाहीत.

तिसरी पायरी: गृहभत्त्याचा ठराव पहिल्या धनादेशापूर्वी करून घ्या

करकायद्याच्या कलम १०७ मध्ये पाळकांसाठी दोन तरतुदी आहेत. मंडळीने राहायला घर दिले असेल, ज्याला इथे पार्सनेज म्हणतात, तर त्या घराचे भाडेमूल्य आयकरात धरले जात नाही. ही सवलत १९२१ पासून आहे. घराऐवजी रोख भत्ता घेणाऱ्यांना तशीच सवलत १९५४ च्या कायद्याने मिळाली. हा रोख भत्ता घटनाबाह्य असल्याचा निर्णय एका जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता, परंतु २०१९ मध्ये शिकागो येथील सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फिरवला, त्यामुळे सवलत आजही कायम आहे. भारतातील पगारदारांच्या घरभाडे भत्त्याशी तिची गल्लत करू नये. त्याचे सूत्र वेगळे आहे आणि इथे त्याचा काही उपयोग नाही.

रोख भत्त्यापैकी किती रक्कम करमुक्त ठरेल, हे तीन आकड्यांवर अवलंबून असते: मंडळीने आगाऊ ठरवलेली रक्कम, घरावर प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि सामानासह घराचे बाजारभावाने होणारे भाडे अधिक वीज, पाणी, गॅस यांचा खर्च. या तिन्हींतील सर्वांत लहान आकडा करमुक्त असतो. बाजारभाडे ही कमाल मर्यादा २००२ च्या कायद्याने पक्की झाली. समजा, मंडळीने २४,००० डॉलर ठरवले, वर्षभरात प्रत्यक्ष खर्च २१,५०० झाला आणि भाडेमूल्य अधिक वीज-पाणी २३,००० निघाले. करमुक्त रक्कम २१,५०० राहील. उरलेले २,५०० डॉलर पाळकांनी आपल्या विवरणपत्रात स्वतः उत्पन्न म्हणून दाखवायचे आहेत. मंडळी हा हिशेब तपासत नाही आणि तिने तो तपासावा अशी अपेक्षाही नाही.

खर्चात घरभाडे, गृहकर्जाचा हप्ता, घर घेताना भरलेली आगाऊ रक्कम, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, फर्निचर आणि घरगुती उपकरणे येतात. किराणा आणि घरकामासाठी ठेवलेल्या माणसाचा पगार येत नाही. सवलत एकाच घराला मिळते. स्वतःचे घर असलेल्यांना एक लाभ आणखी आहे, जो ऐकून इतर करदाते भुवया उंचावतात: भत्त्यातून फेडलेले गृहकर्जाचे व्याज आणि मालमत्ता कर त्यांना वजावटीच्या यादीतही दाखवता येतात.

आता तारखेची गोष्ट. आमच्या मंडळीत एका वर्षी डिसेंबरची सभा नाताळच्या धांदलीत राहून गेली आणि गृहभत्त्याचा ठराव थेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाला. 'एक जानेवारीपासून लागू' असे त्यात मीच लिहिले होते. लिहिण्याने काही होत नाही. ठरावाच्या आधी दिलेली रक्कम मागे जाऊन गृहभत्ता ठरवता येत नाही, म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून ४,००० डॉलर पाळकसाहेबांच्या करपात्र वेतनात गेले. चूक माझी होती, पण कर त्यांनी भरला. तेव्हापासून ठरावात आम्ही एक कायमचे वाक्य घालत आलो. नमुना असा:

'कारभारी समितीच्या आजच्या सभेत असे ठरले की, पाळकांना २०२६ या वर्षी देय असलेल्या एकूण मोबदल्यापैकी २४,००० डॉलर ही रक्कम गृहभत्ता म्हणून नेमून देण्यात येत आहे. समिती नवा ठराव करेपर्यंत हीच रक्कम पुढील प्रत्येक वर्षासाठीही गृहभत्ता म्हणून नेमलेली राहील.'

शेवटचे वाक्य विसरभोळ्या समितीसाठीचा विमा आहे. रुजू होणाऱ्या पाळकांनी ठरावाची प्रत इतिवृत्तासह मागून घ्यावी आणि तिच्यावरची तारीख पहिल्या धनादेशाच्या आधीची आहे ना, हे स्वतः पाहावे. रकमेचा अंदाज थोडा सढळ ठेवावा. कमी ठरवलेली रक्कम मागे जाऊन वाढवता येत नाही, उलट जास्त ठरली तर उरलेली रक्कम उत्पन्नात दाखवून प्रश्न मिटतो. वर्षाच्या मध्येच छप्पर गळू लागले किंवा घर बदलावे लागले तर नवा ठराव करता येतो, पण तो पुढच्या धनादेशांनाच लागू होतो.

पार्सनेजमध्ये राहणाऱ्यांना घरासाठी ठराव लागत नाही. मात्र विजेचे बिल, फर्निचर किंवा किरकोळ दुरुस्ती ते स्वतःच्या खिशातून करत असतील, तर तेवढ्यासाठी छोटा भत्ता आगाऊ ठरवून घ्यावा. आणि घराचे भाडेमूल्य सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्समध्ये धरावे लागते, हे विसरू नये. महिना १,५०० डॉलर भाड्याच्या योग्यतेचे घर असेल तर केवळ त्यावर वर्षाला सुमारे २,५४३ डॉलर कर येतो, आणि तो भरायला घराकडून रोख काहीच मिळत नाही. निवृत्तीनंतर मात्र मंडळीकडून मिळणाऱ्या घरावर किंवा गृहभत्त्यावर हा कर लागत नाही. काही राज्यांचे नियम केंद्रापेक्षा वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात रोख गृहभत्ता राज्याच्या आयकरात धरला जातो.

चौथी पायरी: खर्चाच्या भरपाईची पद्धत लेखी ठरवा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. गृहभत्त्याबद्दल बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असते, खर्चाच्या भरपाईकडे मात्र 'बघू नंतर' म्हणून दुर्लक्ष होते.

पूर्वी कर्मचाऱ्यांना, आणि म्हणून पाळकांनाही, कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च आयकराच्या वजावटीत काही प्रमाणात दाखवता येत असे. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ती वजावट २०१८ पासून थांबवली, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती कायमचीच बंद केली. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सच्या हिशेबात असा खर्च अजूनही वजा होतो, आयकरात होत नाही. म्हणून मंडळीने तो खर्च योग्य पद्धतीने भरून देणे हाच मार्ग उरतो. या पद्धतीला अकाउंटेबल प्लॅन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हिशेब देण्याच्या बोलीवर दिलेला पैसा.

त्याच्या अटी तीन आहेत. खर्च मंडळीच्या सेवेशी संबंधित असला पाहिजे. त्याचा पुरावा वाजवी मुदतीत दिला पाहिजे, आणि खर्च झाल्यापासून ६० दिवसांत दिलेला पुरावा आयआरएस वाजवी मानते. आणि आगाऊ घेतलेल्या रकमेतून काही उरले तर ते १२० दिवसांच्या आत परत केले पाहिजे. आगाऊ रक्कम द्यायचीच झाली तर ती खर्चाच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी द्यावी. तिन्ही अटी पाळल्या तर भरपाईची रक्कम वेतन ठरत नाही, डब्ल्यू-२ वर येत नाही, आणि तिच्यावर आयकर किंवा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागत नाही. एक जरी अट मोडली तरी ती रक्कम वेतन होते.

याच्याशी तुलना करण्यासाठी सर्रास आढळणारी दुसरी पद्धत पाहा. समिती उदार मनाने म्हणते, 'पाळकसाहेब, दरमहा ३५० डॉलर गाडीभत्ता घ्या, पावत्या नकोत.' वर्षाचे हे ४,२०० डॉलर करपात्र वेतन होतात. बारा टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यांना त्यावर ५०४ डॉलर आयकर पडतो, बावीस टक्क्यांच्या टप्प्यात ९२४ डॉलर. पैसा पेट्रोल आणि टायरवर खर्च झालेला असतो, तरीही. पावत्या नकोत म्हणणारी समिती पाळकांचा त्रास वाचवत नाही, त्यांचा कर वाढवते. शिवाय असा भत्ता मंडळीने डब्ल्यू-२ वर दाखवलाच नाही, तर प्रकरण आणखी गंभीर होते. मंडळीवर प्रभाव असलेल्या पाळकांसारख्या व्यक्तीला मिळालेला असा न दाखवलेला लाभ अवाजवी लाभ समजला जाऊ शकतो. त्यावर २५ टक्के दंडात्मक कर असतो आणि रक्कम वेळेत परत केली नाही तर तो २०० टक्क्यांवर जातो. संमती देणाऱ्या समिती सदस्यांनाही कर लागू शकतो.

कोणते खर्च बसतात? रुग्णालयातील भेटी, अंत्यविधी, घरभेटी आणि संप्रदायाच्या परिषदा यांसाठीचा प्रवास, प्रवचनाच्या तयारीसाठी लागणारी पुस्तके आणि नियतकालिके, उपासनेचा झगा, कारण तो रोजच्या वापरात घालता येत नाही, प्रशिक्षण, आणि फोनचा सेवेसाठी होणारा वापर. रविवारी घालायचा साधा सूट बसत नाही, तो कितीही काळा असला तरी. जोडीदाराचा प्रवासखर्च त्यांचे तिथे खरोखरच सेवेचे काम असेल तरच बसतो, परिषदेला सोबत येणे एवढे कारण पुरत नाही. भेटवस्तूंची मर्यादा प्रति व्यक्ती वर्षाला २५ डॉलर आहे, आणि ती इतकी जुनी आहे की तिच्यात आता पुष्पगुच्छही मावत नाही.

घरापासून चर्चपर्यंतची रोजची फेरी भरपाईस पात्र नसते. ती वैयक्तिक ये-जा समजली जाते, आणि संध्याकाळच्या सभेसाठी दुसऱ्यांदा गेलात तरी ती वैयक्तिकच राहते. चर्चपासून रुग्णालय, तिथून एखाद्या सदस्याचे घर, हा प्रवास मात्र कामाचा असतो.

स्वतःच्या गाडीसाठी आयआरएस दरवर्षी प्रतिमैल एक दर जाहीर करते. २०२४ साठी तो ६७ सेंट होता, २०२५ साठी ७० सेंट. पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि घसारा हे सगळे त्यात धरलेले असते. पार्किंग आणि टोल वेगळे मागता येतात. चर्चसाठी विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा दर वेगळा, १४ सेंट आहे. तो कायद्यातच लिहिलेला असल्याने महागाईबरोबर हलत नाही.

प्रवासाची नोंद कशी असावी, यासाठी आमच्या वहीतल्यासारखी एक ओळ देतो:

'१२ मार्च २०२५, चर्च ते जिल्हा रुग्णालय आणि परत, १८ मैल, शस्त्रक्रियेपूर्वी सदस्याची भेट व प्रार्थना (म. क.), पार्किंग ६ डॉलर.'

१८ मैलांचे ७० सेंटने १२ डॉलर ६० सेंट, त्यात पार्किंग मिळवून १८ डॉलर ६० सेंट. तारीख, ठिकाण, अंतर आणि कारण या चार गोष्टी एका ओळीत बसतात आणि लिहायला अर्धा मिनिट लागतो. सदस्यांची नावे गुप्त ठेवावीत असे वाटत असेल, आणि समुपदेशनाच्या भेटींत ते योग्यच आहे, तर खजिनदारांना दिलेल्या प्रतीत आद्याक्षरे लिहावीत आणि पूर्ण नोंद स्वतःजवळ ठेवावी. 'मार्च महिना, मंडळीचे काम, २०० मैल' असे लिहिले तर ती नोंद होत नाही. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी गाडीच्या मीटरचा आकडा टिपून ठेवावा.

इतर खर्चांसाठी, ७५ डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची पावती हवीच, आणि मुक्कामाच्या खर्चाची पावती रक्कम कितीही लहान असली तरी हवी. मंडळी याहून कडक नियम करू शकते. आम्ही २५ डॉलरच्या वरची प्रत्येक पावती मागत असू, आणि कुणाची फारशी तक्रार आली नाही. क्रेडिट कार्डाचे विवरण पुरेसे नसते, कारण त्यात पैसा कुठे गेला हे कळते, का गेला हे कळत नाही. जेवणाचे बिल असेल तर त्याच्या मागच्या बाजूला, टेबलावरून उठण्यापूर्वीच, सोबत कोण होते आणि कोणत्या विषयावर बोलणे झाले हे लिहून टाकावे. दोन महिन्यांनी ती आठवण होत नाही.

समितीने करायचा ठराव लांबलचक नसावा. सेवेशी संबंधित खर्च कोणते, पुरावा किती दिवसांत, मंजुरी कोण देणार आणि उरलेली आगाऊ रक्कम कधीपर्यंत परत करायची, एवढे त्यात असले की पुरे. मंजुरीची सही पाळकांची स्वतःची किंवा त्यांच्या जोडीदाराची नसावी. भरपाईच्या पैशातून घेतलेली पुस्तके पाळक दुसरीकडे गेल्यावर कुणाची, हेही एका वाक्यात लिहून ठेवावे. निरोपाच्या दिवशी पुस्तकांच्या खोक्यांवरून उद्भवणारा अवघडलेपणा त्याने टळतो.

दोन सापळ्यांपासून सावध राहावे. पहिला, पगारातून कापून तीच रक्कम खर्चाची भरपाई म्हणून परत देणे. आधीच ठरलेल्या वेतनाचेच नाव बदललेले असल्याने तिला करमुक्ती मिळत नाही. मंडळीने अंदाजपत्रकात वेतनापासून वेगळी अशी खर्चाची तरतूद करावी. दुसरा सापळा डिसेंबरमध्ये येतो. तरतुदीपैकी ८०० डॉलर उरलेले असतात आणि कोणीतरी सुचवते, 'पाळकसाहेबांना बोनस म्हणून देऊन टाकू.' उरलेले पैसे कुठल्याही वाटेने पाळकांकडेच जाणार असतील तर ती हिशेबाची व्यवस्था राहत नाही. तेव्हा केवळ त्या ८०० डॉलरवर नव्हे, तर वर्षभर त्या व्यवस्थेतून दिलेल्या सगळ्या रकमांवर कर लागण्याचा धोका असतो. उरलेले पैसे मंडळीच्या खात्यात राहू द्यावेत.

रुजू होतानाचा सामान हलवण्याचा खर्च वेगळा आहे. मंडळीने तो दिला तरी तो करपात्र वेतनात धरला जातो, कारण त्याची करमुक्तीही वरील कायद्यांनीच संपवली आहे. बोलणी करताना हे लक्षात ठेवून रक्कम मागावी.

पाचवी पायरी: कर हप्त्यांनी भरा

मंडळीवर पाळकांचा आयकर कापण्याची सक्ती नाही. पण वर्षाचा कर १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक निघणार असेल तर तो वर्षभरात हप्त्यांनी भरावा लागतो. हे हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील वर्षाच्या १५ जानेवारीला असतात. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के किंवा मागील वर्षाच्या कराएवढी रक्कम वेळेवर भरली, तर दंड लागत नाही.

माझ्या मते नवख्या पाळकांनी चार तारखांच्या मागे धावण्यापेक्षा मंडळीला डब्ल्यू-४ हा करकपातीचा फॉर्म भरून देऊन स्वेच्छेने आयकर कापायला सांगावे, आणि त्यात सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सपुरती जादा रक्कमही धरावी. वरच्या उदाहरणातील ८,४७८ डॉलर बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे ७०७ डॉलर होतात. कापलेली रक्कम 'आयकर' म्हणूनच नोंदवली जावी, सोशल सिक्युरिटी म्हणून नव्हे. विवरणपत्र भरताना ती दोन्ही करांपोटी वळती होते.

सहावी पायरी: फॉर्म ४३६१ विषयी घाई न करता, पण मुदतीत निर्णय घ्या

फॉर्म ४३६१ भरून पाळकांना सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्समधून सूट मागता येते, परंतु ती केवळ धार्मिक तत्त्वांमुळे सार्वजनिक विम्याचे लाभ घेण्यास विरोध असणाऱ्यांसाठी आहे. तसे लेखी जाहीर करावे लागते, आणि आपल्या विरोधाची माहिती दीक्षा देणाऱ्या संस्थेला द्यावी लागते. 'त्या पैशांची गुंतवणूक मी जास्त चांगली करीन' हे कारण चालत नाही, आणि सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून खोटी सही करणे पाळकांना तर मुळीच शोभत नाही.

पाळकसेवेतून काही मिळकत असलेली आणि एकूण निव्वळ स्वयंरोजगार उत्पन्न किमान ४०० डॉलर असलेली जी दोन वर्षे असतील, त्यांतील दुसऱ्या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत हीच या अर्जाचीही मुदत असते. २०२५ आणि २०२६ ही ती वर्षे असतील तर अर्ज १५ एप्रिल २०२७ पर्यंत, किंवा विवरणपत्राला मुदतवाढ घेतली असल्यास त्या वाढीव तारखेपर्यंत, जायला हवा. मिळालेली सूट मागे घेता येत नाही. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी लागणारे ४० क्रेडिट्स, म्हणजे कर भरलेल्या कामाबद्दल खात्यात जमा होणारे गुण, जमायला साधारण दहा वर्षे लागतात, त्यामुळे उतारवयात या देशात आलेल्यांनी आणि इथेच राहू इच्छिणाऱ्यांनी यावर सही करण्यापूर्वी जोडीदाराशी बसून बोलावे.

लग्ने, नाताळची पाकिटे आणि मदतनिधी

लग्न किंवा अंत्यविधीसाठी कुटुंबाने पाळकांच्या हातात दिलेली दक्षिणा वेतनात येत नाही, ती स्वयंरोजगाराचे उत्पन्न म्हणून विवरणपत्राच्या शेड्यूल सी या जोडपत्रावर दाखवायची असते आणि त्या कामाचा खर्च तिथेच वजा होतो. नाताळात मंडळीने गोळा करून दिलेले पाकीट मात्र कोणी त्याला 'प्रेमाची भेट' म्हटले तरी वेतनच असते, आणि ते डब्ल्यू-२ वर आले पाहिजे. एखाद्या सदस्याने स्वतःच्या खिशातून, व्यक्तिगत स्नेहाने दिलेली वस्तू सहसा भेट समजली जाते.

गरजूंना मदत करण्यासाठी पाळकांच्या हाती सोपवलेल्या निधीबाबत एकच अट कसोशीने पाळावी. त्या निधीतून पाळकांना स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी पैसे काढण्याची मुभा नाही, असे लेखी हवे. तशी मुभा असेल तर खर्च होवो वा न होवो, सगळा निधीच पाळकांचे उत्पन्न मानला जाण्याचा धोका असतो.

जानेवारीत डब्ल्यू-२ हाती आल्यावर

मंडळीने हे पत्रक ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे असते. विवरणपत्र भरायला बसण्यापूर्वी ते एकदा नीट वाचावे. रकाना १ मध्ये गृहभत्ता वगळून उरलेले वेतन असावे, आणि योग्य पद्धतीने दिलेल्या खर्चाच्या भरपाईचा त्यात एक डॉलरही नसावा. स्वेच्छेने कर कापला असेल तर तो रकाना २ मध्ये दिसेल. रकाने ३ ते ६, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, रिकामे असावेत. गृहभत्ता रकाना १४ मध्ये केवळ माहितीसाठी दाखवलेला असू शकतो, आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स मोजताना तो आकडा तिथून उचलता येतो. रकाने ३ ते ६ मध्ये काही लिहिलेले दिसले तर विवरणपत्र भरण्याआधी सुधारित डब्ल्यू-२ मागावे. एकदा चुकीच्या आकड्यांवर विवरणपत्र गेले की दुरुस्तीचे काम मंडळीला आणि पाळकांना दोघांनाही करत बसावे लागते. आयआरएसची प्रकाशने ५१७ आणि ४६३ विनामूल्य मिळतात. पहिले पाळकांच्या करांविषयी आणि दुसरे प्रवासखर्चाविषयी आहे. ती खजिनदारांच्या टेबलावर असतील तर बरे, कारण हे पद नवीन असताना मी स्वतः ती उघडलीही नव्हती.